संगणकाची घाई आणि आपलें गुपित

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

आमच्या शेजारीं एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. चाळीस वर्षें त्यांनीं शिक्षकी केली. आतां निवृत्तिवेतन, विजेचें बिल, नातवाची फी, सर्व कांहीं ते हातांतल्या मोबाइलवरून उरकतात. परवां संध्याकाळीं तो मोबाइल घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, हा मला रोज विचारतो, 'सुधारणा बसवूं का?' मीही रोज सांगतों, 'नंतर.' आठ महिने झाले. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालावयाची? मागें एकदां बसविली, तर हा पहिल्यापेक्षां मंदच झाला." मीं विचारलें, "सुधारणा कशाची तें वाचलेंत का?" ते हंसून म्हणाले, "वाचलें तर! 'सुरक्षिततेसंबंधीं कांहीं दुरुस्त्या,' एवढेंच लिहितात. काय मोडलें होतें तें सांगत नाहींत. आमच्या घराचें कुलूप कोणी न सांगतां बदललें असतें, तर आम्ही भांडलों असतों."

त्यांच्या दोन्ही तक्रारी मला रास्त वाटल्या. ज्याच्या घराचें कुलूप बदलावयाचें, त्यास तें कां बदललें हें सांगितलें पाहिजे. आणि नव्या कुलुपामुळें दार उघडावयास अधिक वेळ लागणार असेल, तर तेंही लपवितां कामा नये. म्हणून अशाच एका मोठ्या दुरुस्तीची हकीकत आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. ती ज्या दोषामुळें करावी लागली, तो एखाद्या हलगर्जी कारागिराच्या हातून राहून गेला नव्हता. संगणकास वेग यावा म्हणून जी युक्ति योजिली, तिच्याच पोटीं तो जन्मास आला होता. आणि सुमारें वीस वर्षें जगांतील कोट्यवधि यंत्रांत तो कोणाच्या लक्षांत न येतां नांदत होता.

हा दोष, किंबहुना दोषांची ही जोडी, ३ जानेवारी २०१८ रोजीं जगजाहीर झाली. पहिल्या दोषास 'मेल्टडाउन', म्हणजे वितळणें, असें नांव मिळालें. कारण त्यापुढें यंत्रांतील संरक्षक भिंत जणूं वितळून जात होती. दुसऱ्यास 'स्पेक्टर', म्हणजे पिशाच्च, असें म्हणूं लागले. कारण तें सहजासहजीं मानगुटीवरून उतरणारें नव्हतें. ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील तांत्रिक विद्यापीठांत डॅनियल ग्रुस व त्यांचे सहकारी, गूगलच्या संशोधक-पथकांतील तरुण यान हॉर्न, जर्मनींतील सायबेरस टेक्नॉलॉजी ही मंडळी, आणि अमेरिकेंतील पॉल कोचर हे जवळजवळ एकाच काळांत, स्वतंत्रपणें, या शोधाशीं येऊन पोहोंचले. हॉर्न यांनीं जून २०१७ मध्येंच प्रोसेसर करणाऱ्या कंपन्यांना सूचना दिली होती. दुरुस्तीस अवधि मिळावा म्हणून ही गोष्ट ९ जानेवारी २०१८ पर्यंत गुप्त ठेवावयाची होती. परंतु कुणकुण आधींच लागली आणि सहा दिवस अगोदर सर्व उघड करावें लागलें.

आतां हा दोष म्हणजे काय, हें समजून घेऊं. त्यासाठीं यंत्रशास्त्राची पूर्वतयारी नको. केवळ थोडें अवधान हवें.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचें वा मोबाइलचें काम करणारें मुख्य अंग. सिलिकॉनच्या एका लहानशा तुकड्यावर तें कोरलेलें असतें. त्याच्या कामास एक ठेका असतो, आणि साधारण चांगल्या प्रोसेसरांत सेकंदाला सुमारें ३०० कोटी ठोके पडतात. हा इतका चपळ कामकरी. परंतु ज्या मुख्य स्मृतींत त्याची सामग्री सांठविलेली असते, ती त्या मानानें फारच मंद. तेथून एखादा आंकडा आणावयाचा, तर दोनशें-अडीचशें ठोके वायां जातात. हें अंतर मनांत भरावें म्हणून अशी कल्पना करा, कीं एक ठोका म्हणजे एक सेकंद. मग हाताशीं असलेली वस्तु प्रोसेसरला चार-पांच सेकंदांत मिळते, आणि मुख्य स्मृतींतील वस्तूसाठीं चार मिनिटें तिष्ठत बसावें लागतें. प्रत्येक पावलास चार मिनिटें थांबावयाचें म्हटल्यावर काम तें काय व्हावयाचें?

यावर अभियंत्यांनीं दोन युक्त्या काढल्या. एकदां आणलेली वस्तु कांहीं काळ हाताशींच ठेवावयाची. या हाताजवळच्या जागेस 'कॅश' म्हणतात. दुसरी युक्ति अशी, कीं थांबण्याऐवजीं पुढें काय लागेल याची अटकळ बांधावयाची आणि तें काम आगाऊ करून ठेवावयाचें. अटकळ खरी ठरली तर वेळ वांचला. खोटी ठरली तर केलेलें काम पुसून टाकावयाचें आणि योग्य मार्गास लागावयाचें. आधुनिक प्रोसेसरची अटकळ बहुधा शंभरांत पंचाण्णव वेळां, किंवा त्याहूनही अधिक वेळां, खरी ठरते. यांत कोणास कांहीं वावगें दिसलें नाहीं. चुकीचें काम पुसलें, म्हणजे तें झालेंच नाहीं, अशी सर्वांची समजूत होती. ही समजूतच दगा देणारी निघाली.

कशी तें पाहावयास आपण एका दवाखान्यांत जाऊं. डॉक्टर आंत बसले आहेत. बाहेर पडद्याआड कंपाउंडर आहे. त्याच्यापाशीं एक गुप्त नोंदवही आहे. कोणत्या रोग्यास कोणतें औषध चालू आहे, हें तींत लिहिलेलें. औषधाच्या बाटल्या वर माळ्यावर आहेत. शिडी लावून एक बाटली आणावयास चार मिनिटें लागतात. म्हणून एकदां उतरविलेली बाटली कंपाउंडर कांहीं वेळ टेबलावरच ठेवतो. कंपाउंडर मोठा उत्साही आहे. कोणी चिठ्ठी दिली, कीं ती डॉक्टरांकडे मंजुरीस पाठवितो आणि मंजुरी येईपर्यंत स्वस्थ न बसतां आपलें काम सुरू करतो.

अशा दवाखान्यांत एक लबाड इसम येतो आणि चिठ्ठी देतो: "पलीकडच्या गल्लींतील बाईंच्या नांवापुढें जें औषध लिहिलें असेल, तेंच मला द्यावें." चिठ्ठी डॉक्टरांकडे जाते. इकडे कंपाउंडर संवयीप्रमाणें वही उघडतो, नोंद पाहतो, शिडी चढतो आणि ती बाटली उतरवून टेबलावर ठेवतो. इतक्यांत डॉक्टरांचा निरोप येतो: "या माणसास ही माहिती द्यावयाची नाहीं." कंपाउंडर प्रामाणिक आहे. तो वही मिटतो आणि बाहेर येऊन सांगतो, "मिळणार नाहीं." बाटली दिली नाहीं, नांव उच्चारलें नाहीं. नियमाचें पालन अक्षरशः झालें.

परंतु बाटली टेबलावर राहिली आहे! लबाड इसम आतां खिशांतून घड्याळ काढतो आणि साळसूदपणें एकामागून एक साधीं औषधें मागूं लागतो. हीं मागण्यास कोणासही मनाई नाहीं. पहिलें औषध येण्यास चार मिनिटें लागतात. दुसऱ्यासही चार मिनिटें. तिसऱ्यासही तेंच. सातवें औषध मात्र मागतांच हातांत पडतें. झालें! बाईंना कोणता आजार आहे हें त्यास समजलें. कोणीं सांगितलें? कोणींच नाहीं. तें घड्याळानें सांगितलें.

श्रोतेहो, मेल्टडाउन म्हणजे नेमकें हेंच. दवाखान्यांतील गुप्त वही म्हणजे संगणकाच्या मूळ व्यवस्थेची राखीव स्मृति. सर्व कार्यक्रमांचा कारभार ती व्यवस्था पाहते, म्हणून तिच्या ताब्यांत आपले पासवर्ड, आपलीं पत्रें, आपल्या हिशोबाचे आंकडे असूं शकतात. सामान्य कार्यक्रमास तेथें डोकावण्याची मनाई आहे, आणि प्रोसेसर ती मनाई अखेर बजावतोही. परंतु 'अखेर' या शब्दांतच घात आहे. मनाई बजावली जाण्यापूर्वीं गुप्त अक्षर वाचलें गेलेलें असतें आणि त्याचा ठसा कॅशमध्यें उमटलेला असतो. ग्राझच्या संशोधकांनीं आपल्या मूळ निबंधांत दाखविलें, कीं या मार्गानें सेकंदाला सुमारें पांचशें किलोबाइट मजकूर वाचतां येतो. म्हणजे एक जाडजूड कादंबरी अवघ्या कांहीं सेकंदांत. आणि जातांना चोर सहसा कोणत्याही नोंदींत आपला मागमूस ठेवीत नाहीं.

स्पेक्टरची तऱ्हा थोडी निराळी. येथें लबाड इसम कंपाउंडरच्या संवयीचाच फायदा घेतो. आपल्याच घरच्या माणसांच्या खऱ्या चिठ्ठ्या तो वीस दिवस आणतो. दर वेळीं डॉक्टर होकार देतात. कंपाउंडरच्या मनानें घेतलें, कीं याची चिठ्ठी म्हणजे होकारच. एकविसाव्या दिवशीं तो परक्याच्या नांवाची चिठ्ठी देतो. आणि कंपाउंडर, नकार येईपर्यंत, पुढचें काम करून बसलेला असतो. म्हणजे अटकळ बांधणाऱ्यास आधीं पढवावयाचें आणि मग त्याच्या अटकळीकडून आपलें काम करून घ्यावयाचें. मेल्टडाउनचा उपद्रव मुख्यत्वें इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांना होता. १९९५ नंतरचे तिचे बहुतेक प्रोसेसर संशयित ठरले, आणि २०११ पासूनच्या यंत्रांवर संशोधकांनीं त्याचा प्रत्यक्ष पडताळा पाहिला. स्पेक्टरनें मात्र इंटेल, एएमडी आणि मोबाइलांत वापरले जाणारे एआरएम जातीचे प्रोसेसर, असें कोणासच सोडलें नाहीं. वांचले ते साधे, अटकळीच्या भानगडींत न पडणारे प्रोसेसर. रास्पबेरी पाय हा शाळकरी मुलांच्याही आवडीचा स्वस्त संगणक २०१८ सालीं या दोन्ही दोषांपासून मुक्त निघाला, तो त्याच्या साधेपणामुळेंच.

येथें आपण विचाराल, कीं एवढ्या विद्वान् मंडळींस हें आधीं सुचलें कसें नाहीं? इतिहास मोठा बोधप्रद आहे. कामें क्रम सोडून आगाऊ करण्याची कल्पना आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड संगणकांत १९६७ च्या सुमारास अवतरली. १९९५ सालीं इंटेलच्या पेंटियम प्रो या प्रोसेसरबरोबर ती टेबलावरच्या संगणकापर्यंत पोहोंचली. दुसऱ्या बाजूस, बंदिस्त ठेवलेला कार्यक्रमही आडमार्गानें गुपित बाहेर पोहोंचवूं शकतो, असा इशारा बटलर लॅम्पसन यांनीं १९७३ सालींच दिला होता. केवळ लागलेल्या वेळावरून गुप्त लिपीची किल्ली ओळखतां येते, हें १९९६ मध्यें याच पॉल कोचर यांनीं सिद्ध केलें होतें. म्हणजे एका हातीं वेगाची विद्या होती आणि दुसऱ्या हातीं इशारा होता. परंतु हे दोन हात एकमेकांस भेटले ते २०१७ सालीं. मधल्या काळांत बाजारांत मान होता तो वेगास. आपणही दुकानांत जाऊन 'हा किती वेगानें चालतो?' असेंच विचारीत होतों. 'घाईंत हा काय सांडून ठेवतो?' असें आपल्यापैकीं कोणींच विचारलें नाहीं.

आतां उपायाकडे वळूं. प्रोसेसर ही सिलिकॉनवर कोरलेली वस्तु. ती घरीं बसून दुरुस्त करतां येत नाहीं. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सुरक्षाकेंद्रानें प्रथम तर 'प्रोसेसरच बदला' असा सल्ला दिला होता. तो व्यवहार्य नाहीं म्हणून लवकरच सुधारावा लागला. मग जे उपाय झाले, ते आपल्या दवाखान्याच्या भाषेंत सांगतों. पहिला उपाय असा, कीं गुप्त नोंदवही कंपाउंडरच्या खोलींतून उचलून वेगळ्या, कुलुपबंद खोलींत ठेवली. मेल्टडाउनवर हा उपाय रामबाण ठरला. परंतु वहीचें खरें काम निघालें, कीं आतां प्रत्येक वेळीं त्या खोलीपर्यंत जाऊन यावें लागे. त्यामुळें यंत्रें कांहीं अंशीं मंदावलीं. कोणाचें काम किती मंदावलें, हें कामाच्या प्रकारावर अवलंबून होतें; घरगुती वापरांत तें थोडें, तर मोठ्या माहितीकोशांच्या कामांत अधिक जाणवलें. दुसरा उपाय ब्राउझरांनीं केला. त्यांनीं आगंतुकाच्या घड्याळाचा सेकंद-कांटाच काढून घेतला. म्हणजे संकेतस्थळांना अत्यंत सूक्ष्म वेळ मोजतां येऊं नये अशी तजवीज केली, आणि पुढें निरनिराळ्या संकेतस्थळांस निरनिराळ्या खोल्यांत बसविलें. तिसरा उपाय कंपाउंडरला नव्या सूचना देण्याचा. त्यांत आरंभीं फजितीही झाली. इंटेलनें दिलेल्या कांहीं सुधारणांमुळें संगणक अवचित बंद होऊन पुन्हां चालू होऊं लागले, आणि २२ जानेवारी २०१८ रोजीं त्या कंपनीस 'या सुधारणा तूर्त बसवूं नका' असें सांगण्याची पाळी आली.

तेव्हां माझ्या शेजाऱ्यांची 'मोबाइल मंद झाला' ही तक्रार म्हातारपणाची किरकिर समजूं नये. सुधारणेनें यंत्र मंदावण्याचीं कारणें अनेक असतात. परंतु सुरक्षिततेसाठीं वेगाचा कांहीं भाग परत करावा लागतो, हें एक खरेंखुरें कारण आहे. जो वेग आपणांस मिळाला होता, त्यांतील थोडा उसना होता. त्याची ही फेड आहे.

ही गोष्ट २०१८ च्या जानेवारींत संपलीही नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें 'फोरशॅडो', २०१९ च्या मे महिन्यांत 'झोंबीलोड', २०२३ च्या ऑगस्टमध्यें 'डाउनफॉल', असे त्याच कुळांतील दोष उघडकीस आले. नंतरच्या प्रोसेसरांच्या बांधणींतच पहिल्या दोषाविरुद्ध तरतूद झाली आहे. परंतु अटकळ बांधणें समूळ सोडावें, तर यंत्र इतकें मंद होईल कीं तें कोणी विकत घेणार नाहीं. म्हणून हें पिशाच्च गाडून टाकतां येत नाहीं. त्यास वरचेवर बांधून ठेवावें लागतें. सुधारणा वारंवार कां येतात, याचें उत्तर यांत आहे.

मग सामान्य गृहस्थानें, गृहिणीनें काय करावें? घाबरून जाण्याचें मुळींच कारण नाहीं. हा मार्ग अवघड आहे, आणि चोरास त्याहून सोपे मार्ग पुष्कळ आहेत. गोड बोलून ओटीपी विचारून घेणें हा त्यांतलाच एक. तथापि या मार्गास एक पूर्वअट आहे, ती लक्षांत ठेवा: लबाड इसम दवाखान्यांत आलेला असावा लागतो. म्हणजे त्याचा कार्यक्रम आपल्या यंत्रावर चालावा लागतो. म्हणून अनोळखी ठिकाणचीं ॲप्स आणि फुकटचे कार्यक्रम घेऊं नयेत. ज्याची गरज उरली नाहीं तें काढून टाकावें.

दुसरी गोष्ट, मूळ व्यवस्थेची आणि ब्राउझरची सुधारणा आली, कीं ती एक-दोन दिवसांत बसवावी. रात्रीं मोबाइल चार्जिंगला लावून निजलें, तर कामाचा खोळंबाही होत नाहीं. तिसरी गोष्ट, ज्या जुन्या मोबाइलला कंपनीकडून सुधारणा येणें बंद झालें आहे, त्यावर गाणीं ऐकावीं, गजर लावावा. बँकेचा व्यवहार मात्र त्यावर ठेवूं नये. आणि चौथी गोष्ट, सुधारणा घ्यावी ती यंत्राच्या स्वतःच्या 'सेटिंग्ज'मधूनच. 'तुमच्या संगणकांत दोष आहे, ही दुरुस्ती घ्या' असा दूरध्वनि किंवा पत्र आलें, तर तें खोटें समजावें. २०१८ च्या जानेवारींत जर्मनींत नेमकें हेंच घडलें. सरकारी सुरक्षाखात्याच्या नांवानें लोकांस पत्रें गेलीं, आणि दुरुस्ती म्हणून जें मिळालें तेंच चोराचें हत्यार निघालें.

परंतु सर्वच भार गृहस्थाच्या शिरीं टाकून चालणार नाहीं. आपल्या पैशाचे, प्रकृतीचे, शिक्षणाचे व्यवहार आज आपल्या घरच्या यंत्रावर थोडे आणि दूरच्या मोठमोठ्या यंत्रांवर अधिक चालतात. त्या एकेका यंत्रावर अनेक परक्यांची माहिती शेजारीशेजारीं नांदत असते. तेथील कुलुपें आपल्या हातीं नाहींत. म्हणून यंत्र विकणाऱ्यांनीं किती वर्षें सुधारणा देऊं हें विकतांनाच सांगावें, आणि दुरुस्ती देतांना काय मोडलें होतें आणि तिची किंमत काय पडेल, हें साध्या भाषेंत लिहावें, एवढी मागणी करण्याचा आपला हक्क आहे. आणि ती आपणच केली पाहिजे. कारण वेगाची मागणी करणारेही आपणच होतों.

माझ्या शेजाऱ्यांना मीं दवाखान्याची ही गोष्ट सांगितली. ती त्यांनीं शांतपणें ऐकली. मास्तरच ते, त्यांनीं कंपाउंडरविषयीं दोन शंकाही विचारल्या. त्या रात्रीं त्यांनीं आठ महिन्यांची 'नंतर' संपविली. सकाळीं जिन्यांत भेटले तेव्हां म्हणाले, "बसविली. किंचित् मंद झाला आहे खरा. पण आतां कां झाला, तें ठाऊक आहे."